दोन्ही बाजू सारख्या

आधी

डॉक्टरांनी मास्तरांच्या उजव्या तळव्यावर निळ्या पेनाने रेघ ओढली. "इथे कापायचं. मनगटात दबलेली नस मोकळी होईल. ही रेघ पुसू नका."

मास्तर म्हणजे शिंपी. वर्षभर उजवी बोटं बधिर. कात्री हातात आहे की सुटली, हे खाली बघूनच कळायचं. हात बरा झाला नाही तर दुकानाला कुलूप. हे ते बायकोला बोलले नव्हते, पण तिला न कळायला ती काय गिऱ्हाईक होती?

सकाळपासून उपाशी, त्यात ऑपरेशनची धास्ती. धीर सुटला की माणसाचा हात जुन्या वळणावर जातो. मास्तरांनी कड जुळवून उजवा तळवा डाव्यावर ठेवला आणि दाबला. शर्टाच्या एका बाजूची खूण दुसरीवर उतरवतात, तसा.

"काका, कुठला हात?" सिस्टरनी विचारलं.

"उजवा."

"रेघ तर दोन्हीवर आहे."

"दुसरी बाजू सारखी केली गेली," मास्तर पुटपुटले.

सिस्टरनी सोबत आलेल्या बाईंच्या, म्हणजे मास्तरांच्या बायकोच्या, हाती स्पिरिटचा बोळा दिला. "डाव्यावरची पुसा. मी डॉक्टरांना सांगून येते." वासानेच मास्तरांनी डोळे मिटले. समोर बसलेल्या बाईंनी करपलेलं भांडं घासावं तसा हात घासला.

अजूनही ऑपरेशनआधीच

"काका, आता रेघ डाव्यावरच उरलीय," सिस्टर परत येऊन म्हणाल्या.

"अहो, मी भलताच हात पुसतेय, सांगायचं नाही का?"

"त्या हाताला कळलं असतं तर इथे कशाला आलो असतो?"

नंबर गेला. दोन पेशंट पुढे काढून डॉक्टर आले. "मास्तर, कापडाला कात्री लावण्याआधी किती वेळा मोजता?"

"दोनदा."

"आम्ही तीनदा विचारतो. कुठला हात?"

"उजवा," मास्तर म्हणाले. सिस्टर म्हणाल्या. बाई मात्र उठल्या, नवऱ्याच्या शेजारी त्याच दिशेला तोंड करून बसल्या, आणि मगच बोट दाखवलं. "हा."

नंतर

"हात उंच ठेवा, बोटं हलवत राहा, पट्टी भिजवू नका. दुखेल, त्याला गोळी आहे. फार सूज आली, बोटं निळी पडली, तर लगेच या."

मास्तर दुकानात हात उंच धरून बसू लागले. गिऱ्हाइकं वाकून म्हणत, "आशीर्वाद पुरे, पँट कधी?"

टाके काढायच्या दिवशी मास्तरांनी ते चष्मा लावून तपासले. "अंतर सारखं आहे. धागा जरा जाड वापरलात."

"आणि बोटं?"

"झोपलीत अजून."

"नस सावकाश जागी होते, मास्तर. घाई नको."

बराच नंतर

दुकानातून "आई गं" ऐकू आलं. बाई धावत गेल्या. मास्तर उजव्या हाताच्या बोटावरचा रक्ताचा थेंब बघत होते. डोळ्यांत पाणी.

"काय झालं?"

"सुई टोचली."

"दुखतंय?"

"खूप."

बाई कापडांच्या ढिगावरच बसल्या.

"गोळी आणू?"

"वेडी का काय. इतकं छान दुखतंय, दुखू दे."