वाघचौऱ्यांचा एक आणि फर्नांडिसचे तीन

बदली होऊन आम्ही कर्जतला आलो त्या दिवशी आमचं सामान अजून बैलगाडीतच होतं. बायको पाटा-वरवंटा उतरवून घेत होती आणि मी ट्रंकेवर बसून घाम पुसत होतो. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून काळी टोपी घातलेले एक उंच, वाळके गृहस्थ बाहेर आले. नमस्कार नाही, नाव नाही, गाव नाही. माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "देवदूतांना पंख असतात असं तुम्ही मानता का?"

मला वाटलं, रेल्वेच्या चाळीत काहीतरी वर्गणी गोळा करत असतील. मी म्हटलं, "असतील बुवा. नाहीतर ते येणार कसे?"

त्यांनी माझ्याकडे फार खिन्नपणे पाहिलं. "म्हणजे तुम्हीसुद्धा," एवढंच म्हणून ते परत गेले. थोड्या वेळानं पाण्यानं भरलेली कळशी आमच्या दारात आणून ठेवली आणि पुन्हा आत गेले.

"कोण होते?" बायकोनं विचारलं.

"कोण जाणे. पंखांची चौकशी करत होते."

ते योनाथान वाघचौरे. आमच्या स्टेशनावरचे तारमास्तर. मूळचे नगरकडचे, आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारली, मूलबाळ नव्हतं. दिवसभर तारेच्या यंत्रावर कट्ट-कड कट्ट-कड करायचे आणि घरी आले की धर्मशास्त्र, म्हणजे बायबल, काढून बसायचे. या दोन गोष्टींची त्यांच्या डोक्यात पार सरमिसळ झाली होती.

"देवदूत म्हणजे काय, प्रधान? तारेचा शिपाई. निरोप घ्यायचा, दारावर थाप मारायची, निरोप द्यायचा, परत यायचं. आपला शिपाई दहिवलीला तार घेऊन जातो. त्याला पंख आहेत?"

"नाहीत."

"मग?"

या 'मग'चं उत्तर मला नको असे. मी मालधक्क्यावर दिवसभर गोणी मोजून आलेला असे. मला चहा हवा असे.

पंखांचं एक वेळ चाललं असतं. खरी पंचाईत तिनाची होती. बहुतेक ख्रिस्ती लोक असं मानतात, की देव एकच आहे, पण तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा तिघांत आहे. तीन वेगळे, पण देव एक. याला ते त्रैक्य म्हणतात. हे मला आता झोपेतसुद्धा सांगता येईल, कारण वाघचौऱ्यांना ते मान्य नव्हतं. त्यांच्या मते देव एक म्हणजे एक. येशू त्याचा पुत्र, त्यानं पाठवलेला, सगळ्यांहून थोर. पण देव नव्हे.

"पाठवणारा पुण्याला आणि निरोप आणणारा कर्जतला. दोघं एकच कसे? असं म्हणणारा माणूस उद्या स्वतःलाच तार करील. आणि मुळात त्रैक्य हा शब्द आहे कुठं? शास्त्रात दाखवा."

'शास्त्रात दाखवा' हे त्यांचं पालुपद. ते इतकं जिभेवर बसलेलं होतं, की यंदा उकाडा फार आहे असं कोणी म्हणालं तरी आधी तेच निघे. मग ओशाळून म्हणत, "हो, उकाडा आहे खरा."

एवढ्यानं भागलं असतं तरी मी देवाचे, मग तो कितीही असो, आभार मानले असते. पण आमच्या दुसऱ्या बाजूच्या खोलीत फर्नांडिस राहत होता.

फर्नांडिस मालगाडीचा गार्ड. गोव्याचा, कॅथलिक. अंगानं भरलेला, आवाज असा की पळसदरीला बोलला तर कर्जतला कळावं. मुलंबाळं सगळी गावी होती. घाट चढायचा आणि उतरायचा हा त्याचा धंदा. तो म्हणे, माणूस जन्माला आला की देव त्याच्या पाठीशी एक दूत देतो, तो मरेपर्यंत सोडत नाही. फर्नांडिसचा दूत गाडीच्या ब्रेकच्या डब्यात त्याच्या शेजारी बसे.

"ब्रेक मी लावतो रे मास्तर, पण गाडी थांबवतो तो."

"मग पगार त्यालाच घेऊ दे," वाघचौरे म्हणत.

आता या दोघांच्या खोल्यांमध्ये आमची खोली होती, आणि आमच्यासमोर थोडी रुंद पडवी होती. रविवारी दुपारी फर्नांडिसला सुट्टी असली की तो एका बाजूनं येई, वाघचौरे दुसऱ्या बाजूनं येत, आणि आमच्या बाकावर बसत. पहिल्याच रविवारी त्यांनी मला पंच नेमलं.

"तुम्ही हिंदू," वाघचौरे म्हणाले. "तुमचा यात काही स्वार्थ नाही."

"पंचानं झोपायचं नाही हां, प्रधानबाब," फर्नांडिस म्हणाला.

माझा स्वार्थ होता. रविवारी दुपारी झोपणं हा माझा स्वार्थ होता. पण ते कोणाला सांगणार?

फर्नांडिस दिव्यापासून सुरू करी. "हा माझा गार्डाचा दिवा. ज्योत, उजेड आणि ऊब. तीन आहेत की नाही? आणि दिवा एक."

फर्नांडिस बोलत असताना वाघचौऱ्यांची बोटं बाकाच्या हातावर तारेची कट्टकट्ट करत असत. तो थांबला की हे सुरू. "दिवा विझला की तिन्ही जातात. मग देवच क्रुसावर मेला असेल, तर तेव्हा जग कोण चालवत होतं?"

मग गब्रीएल नावाचा देवदूत. तो उडत आला असं दानीएलाच्या पुस्तकात आहे, म्हणजे पंख आलेच, असं फर्नांडिसचं म्हणणं. वाघचौरे म्हणत, "उडत आला म्हणजे घाईनं आला. मी शिपायाला म्हणतो, 'जा, उडत ये.' त्याला पिसं फुटतात का? देवाच्या सिंहासनाजवळचे सराफीम आणि करूब, त्यांना पंख आहेत, त्याला माझी ना नाही. दूत पायी येतो."

सगळ्यात जास्त वेळ अब्राहामावर जाई. अब्राहाम भर दुपारी तंबूच्या दारात बसलेला असताना तीन पाहुणे आले, ही गोष्ट शास्त्रात आहे. फर्नांडिस म्हणे, "तिघं आले आणि अब्राहाम त्यांना 'प्रभू' म्हणाला, 'प्रभूंनो' नाही. तिघांत एक देव. झालं की नाही त्रैक्य?" वाघचौरे म्हणत, "ते दूत होते. पायी आले, झाडाखाली बसले, पाय धुतले, जेवले. आणि पंख असते तर अब्राहामाच्या नजरेतून सुटले असते का?" एकाच गोष्टीतून दोघांचंही सिद्ध होई. निकाल मी द्यायचा.

एकदा माझी बायको आतून म्हणाली, "तिघं न सांगता आले आणि तो म्हातारा जेवायला थांबा म्हणाला? स्वयंपाक कोणी केला?"

मग वाघचौरे म्हणाले, "त्याची बायको सारा. त्यानं तिला लवकर पीठ मळायला सांगितलं."

"तिला विचारलं होतं का आधी?"

"तसं शास्त्रात नाही," वाघचौरे म्हणाले. आमच्याकडे त्या दिवशी चहा झाला नाही.

पोशीरची एक म्हातारी आम्हाला तांदूळ आणून देई. तिनं एकदा पायरीवर बसून अर्धा तास हे भांडण ऐकलं आणि उठताना मला म्हणाली, "एक असंल नायतर तीन असतील. निवद तर एकच लागतो ना? मग भांडताय कशापायी?" मी तिला पंच व्हायची विनंती केली. ती हसत निघून गेली.

अशी वर्षं गेली. हा सगळा कंटाळवाणा का होईना, खेळ आहे असं मी समजत होतो. तो वाघचौऱ्यांना केवढ्याला पडणार आहे ते मला नंतर कळलं.

कर्जतला मराठी ख्रिस्ती घरं थोडीच होती. चर्च नव्हतं. महिन्यातून एका रविवारी घाटावरून एक पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, येत आणि वाघचौऱ्यांच्या खोलीत उपासना होई. ते आदल्या दिवशीच खोली झाडत, सतरंजी अंथरत, शेजारून जास्तीची भांडी मागून पाणी भरून ठेवत. त्या एका दिवशी त्यांच्या खोलीत बायकामुलांचे आवाज असत आणि आम्हाला भिंतीतून गाणी ऐकू येत.

एका रविवारी तिथं एका तान्ह्या मुलीचा बाप्तिस्मा होता. पाळकांनी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं पाणी शिंपडलं, सगळे 'आमेन' म्हणाले, आणि वाघचौरे तोंड मिटून उभे राहिले. पाळक सज्जन होते. त्यांनी नंतर हळूच विचारलं, "योनाथानराव, आमेन नाही म्हणालात?" वाघचौऱ्यांना तेवढंच हवं होतं. त्यांनी भर मंडळीत पाठवणारा, पाठवलेला आणि तारेचा शिपाई सगळं सांगितलं. मुलीची आई रडायला लागली. तिला वाटलं, आपल्या पोरीचा बाप्तिस्मा फुकट गेला.

पुढच्या महिन्यापासून उपासना भिसेगावात दुसऱ्या एका घरी होऊ लागली. वाघचौऱ्यांना कोणी हाकललं नाही. फक्त पाळकांनी सांगितलं, की मन बदलेपर्यंत प्रभुभोजनाला, म्हणजे भाकरी-द्राक्षारसाच्या विधीला, बसता येणार नाही. वाघचौरे म्हणाले, मन शास्त्रानं बदलतं, जेवणानं नाही. आणि ते भिसेगावला गेले नाहीत.

मी चिडलो होतो. "अहो, एक आमेन म्हटलं असतंत तर काय बिघडलं असतं? आम्ही आरतीत कितीतरी शब्द न समजता म्हणतो."

"तुमचं चालतं," ते म्हणाले. "मी खोटी तार पाठवत नाही."

त्या महिन्यातला उपासनेचा रविवार आला. मी सकाळी सहज त्यांच्या दारावरून गेलो. खोली झाडलेली होती. सतरंजी अंथरलेली होती. पाणी भरलेलं होतं. वाघचौरे धुतलेला कोट घालून पुस्तक मांडीवर घेऊन एकटे बसले होते. मी परत येऊन आमच्या पडवीत बसलो.

तेवढ्यात फर्नांडिस घाटातून उतरून आला. अंगात काळा कोट, तोंडावर कोळशाची धूळ, हातात दिवा. त्यानं दारातून आत पाहिलं. मग दिवा बाहेर ठेवला, बूट काढले आणि आत जाऊन सतरंजीवर बसला.

"तुला चालतं का इथं?" वाघचौऱ्यांनी विचारलं. त्या काळी कॅथलिक माणसानं दुसऱ्यांच्या उपासनेला बसणं पाप समजत असत.

"आमच्या पाद्रीला सांगावं लागेल," फर्नांडिस म्हणाला. "तो रागवेल. तू वाच."

वाघचौऱ्यांनी वाचलं. मग प्रार्थना केली. शेवटी फर्नांडिस मोठ्यानं म्हणाला, "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं, आमेन." आणि लगेच भांडण सुरू झालं. ते दुपारपर्यंत चाललं. त्यानंतर दर महिन्याच्या त्या रविवारी ड्यूटी नसली की फर्नांडिस तिथं जाऊन बसे. दर वेळी पाद्रीला सांगे, दर वेळी बोलणी खाई.

मग घाटात विजेची इंजिनं आली, माणसं इकडची तिकडे झाली आणि फर्नांडिसची भुसावळला बदली झाली. त्याला पोचवायला आम्ही दोघं फलाटावर गेलो. मला वाटलं, आज तरी हे धड बोलतील. पण गाडी सुटेपर्यंत गब्रीएलच चालला होता. शिट्टी झाली तेव्हा फर्नांडिस खिडकीतून वाकून म्हणाला, "तीन राहू दे, मास्तर. जाताना पंख तरी दे."

वाघचौरे म्हणाले, "शास्त्रात दाखव."

गाडी गेली. मी त्यांच्यापुढे भराभर चालत घरी आलो. इतक्या वर्षांचा मित्र कायमचा निघालेला, आणि या माणसाच्या हातून दोन पंख सुटू नयेत, याचा मला संताप आला होता.

त्यानंतरच्या रविवारी पडवीत शांतता होती. मी जेवून आडवा झालो. बायको म्हणाली, "आता निवांत झोपा." मी या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिलो. तीही जागीच होती.

थोड्या वेळानं बाक करकरला. बाहेर येऊन बघतो तो वाघचौरे आपल्या नेहमीच्या जागी बसलेले.

"प्रधान," ते म्हणाले, "तुम्ही तिनाच्या बाजूनं बोला."

"मी?"

"एकाच्या बाजूनं मी आहे."

"अहो, मी हिंदू माणूस. मला यातलं काय कळतं?"

"ऐकलंय तर सगळं तुम्ही."

ते खरं होतं. माझी तक्रारच ती होती. मी बसलो आणि म्हटलं, "बरं. दिवा असतो. त्याला उजेड असतो, ऊब असते..."

"असं नाही. आधी ज्योत. फर्नांडिस तिघांत पहिली ज्योत धरायचा. आणि आवाज चढवा जरा. तुम्ही माफी मागितल्यासारखं बोलता."

मी आवाज चढवला. आत बायको हसली. मी ज्योतीवरून गब्रीएलवर आलो आणि तिथं अडकलो. ते मला फर्नांडिसचे मुद्दे एकेक आठवून देत होते, त्याच्या लकबीसकट, आणि मी ते चुकीचे म्हणत होतो. शेवटी मी वैतागलो. "तुम्हाला त्याचं सगळंच पाठ आहे. मग तुम्हीच बोला त्याच्या बाजूनं."

ते रुळांकडे वळून बसले.

"एकदा मी त्याच्याबरोबर ब्रेकच्या डब्यातून खंडाळ्याला गेलो होतो," ते म्हणाले. "तेव्हा त्यानं एक विचारलं होतं. इथं कधी बोलला नाही ते. म्हणाला, 'मास्तर, देव म्हणजे प्रीती, असं शास्त्रात आहे की नाही?' मी म्हटलं, आहे. तर म्हणाला, 'मग हे जग नव्हतं, माणसं नव्हती, दूतसुद्धा नव्हते, तेव्हा देव प्रीती करत होता कोणावर? तुझा देव फार एकटा आहे रे, मास्तर. माझ्या देवाला पहिल्यापासून सोबत आहे.'"

त्यांची बोटं बाकावर स्वस्थ होती.

"मग?" मी विचारलं. "तुम्ही काय सांगितलंत?"

"बोगदा आला. मग राहून गेलं."

"पण याला उत्तर असेल ना तुमच्याकडे?"

"आहे," वाघचौरे म्हणाले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पण आज राहू द्या. आज त्याला बोलू द्या."