डोंगरावरची भरती

चांगुणाचा मोबाईल धर्माच्या मुठीत होता आणि चांगुणाचं मनगट माझ्या. आषाढातली अवस, भल्या सकाळची वेळ, पाऊस तिरपा. पाड्यावरची दहाबारा माणसं तिच्या मागोमाग टेकडी चढून आली होती. त्यातल्या दोघांकडे काठ्या होत्या.

"फोन दे रे धर्मा," ती म्हणत होती. "पाणी चढाया लागलं. बाराच्या आत उठवाया पायजे."

"कुणाला उठवतेस? भुताला?" धर्मा म्हणाला. आदल्या आठवड्यात त्याची म्हैस मेली होती. म्हैस मेली की माणसाला कुणाचं तरी नाव घ्यायला लागतंच.

चांगुणा माझी शेजारीण. आमच्या दोन घरांच्या मधे एक कुडाची भिंत. पाडा डोळखांबच्या वर, जंगलाला लागून. समुद्र इथल्या निम्म्या लोकांनी पाहिलेला नाही. आणि ही बाई रोज ओट्यावरून मला सांगायची, "पाणी चढतंय गो आत्या." कुठलं पाणी? अंगणात तिची कोंबडी धूळ उकरत असायची. पण चांगुणा पाय वर घेऊन बसायची ती पाणी उतरेपर्यंत खाली टेकायची नाही. अवस-पुनवेला तर मडकी, तांदूळ, वहाणा, सगळं माळ्यावर जायचं. कोंबडीसुद्धा. कोंबडीला ते अजिबात पसंत नव्हतं.

हे खूळ तिनं खाडीवरून आणलं. नवऱ्याबरोबर रेती काढायला तिकडे गेली होती, बरीच वर्षं राहिली. रेतीचं काम भरती-ओहोटीच्या तालावर, झोपडी पाण्याच्या काठाला. मग नवऱ्यानं तिथंच दुसरी केली आणि ही एक पिशवी घेऊन परत आली. पिशवीत काय होतं ते मी बघून घेतलं. दोन लुगडी आणि तवा.

मला तिचा संशय पहिल्या दिवसापासून. टाकलेली बाई रडते, शिव्या देते. ही आभाळाकडे बघून बोटं मोजायची. हे सरळ लक्षण नाही. एकदा मी विचारलंच.

"चंद्र पाणी ओढतो," ती म्हणाली.

"मग माझ्या हंड्यातलं का ओढत नाय?"

"हंडा केवढा, दर्या केवढा. हंड्यातलं पाणी जाईल कुठं? दर्याचं इथनं तिथं धावतं."

"आणि अवसेला? तेव्हा तर चंद्रच नसतो."

"असतो गो. सूर्याच्या बाजूला जाऊन बसतो, म्हणून दिसत नाय. दोघं एकाच बाजूनं ओढतात, तेव्हाच तर उधाण येतं. पुनवेला समोरासमोर उभे राहून ओढतात, तेव्हा बी उधाण. अष्टमीला एक इकडं, एक आडवा. मग पाणी धड चढत नाय, धड उतरत नाय."

मी चौथी शिकलेय. आमच्या पुस्तकात चंद्राला मामा म्हटलं होतं, पाणी ओढायचं काही लिहिलं नव्हतं. भरती रोज पाऊण तास पुढं सरकते, कारण चंद्रच रोज तेवढा उशिरा येतो, असंही ती सांगायची. तिला खोटं पाडायला मी सलग काही दिवस ओट्यावर बसून चंद्राची वाट बघितली. तो खरंच रोज उशिरा आला. त्यामुळे माझा संशय वाढला. एवढं खरं बोलणारी बाई काहीतरी मोठं लपवत असणार.

शिवाय ती दर अवस-पुनवेला एकटी टेकडीवर जायची. मोबाईलला रेंज तिथंच येते, हे ठीक. पण अवस-पुनवेलाच कुणाशी बोलायचं असतं? मला वाटायचं, एखादा पुरुष आहे. धर्माला वाटायचं, चेटूक आहे. पाड्यावर धर्माचं म्हणणं जास्त लोकांना पटलं, आणि म्हणून आम्ही सगळे त्या पावसात टेकडीवर उभे होतो.

"कुणाला फोन करतेस ते सांग, मग सोडते," मी म्हटलं.

"धाकटीला."

"कोण धाकटी?"

 तेवढ्यात धर्माच्या मुठीत फोन वाजला. त्यानं तो इंगळासारखा या हातातून त्या हातात घेतला.

"मोठ्यानं लाव," मी म्हटलं. "सगळ्यांना ऐकू दे."

"ताई," एका बाईचा पेंगुळलेला आवाज आला. "आज फोन नाय केलात. म्हटलं अवस तर हाय."

"पाणी चढतंय गो," चांगुणा धर्माच्या मुठीकडे वाकून म्हणाली. "आज वारा बी हाय. पोरांना घे नि देवळाच्या ओट्यावर जा."

"झोपलीत ती."

"झोपलेली उचल. मडकी राहू दे. तांदूळ राहू दे."

"आणि हे? काल गटारी केली. उठत नायत."

चांगुणानं मोकळ्या हातानं तोंडावरचा पाऊस पुसला. 

"तोंडावर पाणी मार. नाय उठला तर पायाला धरून ओढ. वजन नाय त्याला. मी ओढलाय."

फोन बंद झाला. काठ्या आणलेले दोघे आता काठ्यांवर रेलून उभे होते, जशा काही त्यासाठीच आणल्या होत्या. मी मनगट सोडलं.

"सवतीला फोन करतेस?"

"तिला पाण्याचं कळत नाय, आत्या. सिद्धगडाकडची हाय, डोंगरातली. मी बी तशीच गेलेली. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी पोरगी खाली चटईवर निजली होती."

चांगुणाला मूल झालं होतं, हे पाड्यावर कुणाला ठाऊक नव्हतं.

खाली कुणी गेलं नाही. पुन्हा फोन आला तर तो टेकडीवरच येणार होता. धर्मानं छत्री उघडून फोनवर धरली, स्वतः भिजत राहिला. चांगुणा एका दगडावर पाय वर घेऊन बसली. मीही तिच्या शेजारी बसले, कारण गुडघे दुखत होते.

दुपार कलल्यावर फोन आला. झोपडीत छातीएवढं पाणी चढलं होतं. मागची भिंत गेली, तांदूळ गेले. धाकटी जगली. तिची दोन्ही पोरं जगली. नवराही जगला.