सोळा गोळ्या, पंधरा घरं

"सातव्या दिवशी खळ्यावर सगळ्यात आधी माझं भात झोडलं जाणार. लिहून ठेव," डॉक्टरकडून परतताना कोंडाजी बैलगाडीत आडवा पडल्या पडल्या म्हणाला. गाडी शेजारचा येसाजी हाकत होता. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्याने नुसती मान हलवली.

जगाची दुसरी मोठी लढाई संपून वरीस झालं असेल, तेव्हाची गोष्ट. कोंडाजीच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला आणि आठ दिवसांत पायाचा पार लाल भोपळा झाला. कडाव गावात हळद लावून झाली, बिब्बा झाला, एरंडाची पानं बांधून झाली. पाय आपला फुगतोच आहे. शेवटी भिवपुरीला वीजघराच्या वस्तीत एक डॉक्टर होता, त्याच्याकडे नेला. डॉक्टरने टाच फोडून पू काढला, पट्टी बांधली आणि पुडीत चोवीस पांढऱ्या गोळ्या दिल्या.

"रोज चार, सहा दिवस. पाणी भरपूर पी. आणि पाय बरा वाटला तरी सगळ्या संपवायच्या. हे पुन्हा चढलं तर पाय गुडघ्यातून कापावा लागेल."

कोंडाजीने दोन दिवसांत आठ गोळ्या खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर भोपळ्याचं वांगं झालेलं! टाच टेकवून बघितली, टेकली. अंगणात दोन फेऱ्या मारल्या. मग तो पुडी घेऊन ओटीवर बसला, तर बायको आनंदीबाई समोर येऊन उभी राहिली.

"अवो, या गोळ्या अशाच खाणार?"

"मग कशा? कालवण करून?"

"तसं नाय. आळीत वाटल्या नाय अजून."

आता ही त्या आळीची रीत होती. म्हैस व्याली की पहिला खरवस वाटीवाटीने पंधरा घरी जायचा, मग घरच्यांनी तोंड लावायचं. नवा तांदूळ असो, गूळ असो, घरात गुणाची चीज आली की आधी आळीत. आणि आलेली वाटी कुणी रिकामी परत पाठवायची नाही. एवढी पांढरीशुभ्र चीज दोन दिवस घरात, आणि आळीला पत्ता नाही! आनंदीबाईला पाणवठ्यावर मान वर करायची चोरी झाली होती.

"अगं, पण डॉक्टर बोलला सगळ्या संपवायच्या."

"संपवायच्याच हायेत की. तुमी एकट्यानेच संपवा असं बोलला का?"

कोंडाजीने आठवून बघितलं. तसं काही बोलला नव्हता.

पुडीत सोळा उरल्या होत्या, घरं पंधरा. प्रत्येक वाटीत एक गोळी. सोळावी गाभण म्हशीला, तिला चार दिवस खोकला होता. हिशेब असा चोख बसला की कोंडाजीला वाटलं, देवानेच मोजून दिल्यात.

आळीने गोळ्या डोक्याला लावून घेतल्या. म्हाताऱ्या चंद्राबाईने एका गोळीचे चार तुकडे केले आणि चार नातवांना चारले. एकालाही काही दुखणं नव्हतं. धाकलूने सहाणेवर उगाळून कमरेला लावली. सुंदराने भाताच्या कणगीत टाकली, कीड लागू नये म्हणून. येसाजीने कुंकू लावून देवाजवळ ठेवली, दात दुखला की बघू म्हणून. वाट्या परत आल्या त्या वालाच्या शेंगा, सुकट, पापड घेऊन. आनंदीबाई तीन दिवस चुलीपाशी गुणगुणत होती.

गोळ्या वाटल्यापासून चौथ्या दिवशी पायात ठणका आला. सहाव्या दिवशी वांग्याचा परत भोपळा झाला, आणि आधीपेक्षा मोठा.

"गोळ्या आण गं," कोंडाजी कण्हला.

"कुठनं आणू? तुमच्या समोरच दिल्या."

मग कोंडाजी येसाजीच्या खांद्यावर हात टाकून, एका पायावर उड्या मारत आळीत निघाला. दिलेलं परत मागणारा माणूस आळीने आजवर बघितला नव्हता.

चंद्राबाई म्हणाली, "देतंय की. आधी माझ्या शेंगा आण."

"त्या खाल्ल्या आमी."

"मग आमी पण खाल्ली."

धाकलूने सदरा वर करून कंबर पुढे केली. "हितं लावलीया. चाटायची तर चाट बाबा, आपल्यात परकं काय?"

सुंदराने अर्धी कणगी उपसली तेव्हा एक गोळी निघाली, तिला भाताचा कोंडा चिकटलेला. दुसऱ्या एका घरी पोराच्या ताईतात एक मिळाली. येसाजीला विचारलं तर तो जमिनीकडे बघायला लागला. "माझी देवाला वाह्यली रं. ती कशी काढू?"

कोंडाजीने दोन्ही गोळ्या कोंड्यासकट गिळल्या. रात्र गेली, सकाळ झाली. पाय ढिम्म. कोंडाजी चक्रावूनच गेला. पाय तोच, गोळी तीच, गिळणारा तोच. मग बिघडलं कुठं? ताईतातली गोळी दुसऱ्याच्या नावाची झाली होती की काय?

परत बैलगाडी. डॉक्टरने पट्टी सोडली आणि नाक धरलं.

"गोळ्या किती खाल्ल्यास?"

"सगळ्या संपल्या, साहेब."

"तू किती खाल्ल्यास?"

कोंडाजी बोटं मोजायला लागला. येसाजीला राहवलं नाही. "साहेब, याने दहा. चंद्राबाईच्या नातवांनी मिळून एक. धाकलूच्या कमरेने एक. म्हशीने एक..."

"म्हशीने?"

"खोकला होता तिला," कोंडाजी म्हणाला.

डॉक्टर उठून खिडकीपाशी गेला. समोर छपरावर वानरं बसली होती. त्याने त्यांच्याकडे बोट केलं.

"शेतात वानरं आली की काय करता?"

"डबा वाजवतो."

"दोन दिवस वाजवलात आणि थांबलात, तर?"

"मग भित्री पळतात. धीट असतात ती ऱ्हातात. मग डबा वाजवला तरी हालत नाय, उलट बसून आयकतात."

"तेच तुझ्या पायात झालंय. भित्रे जंतू मेले, धीट राहिले. त्यांचीच पिलावळ वाढली. आता ही गोळी म्हणजे त्यांना नुसता डबा."

कोंडाजीने पायाकडे बघितलं. मग खिडकीकडे. मग परत पायाकडे. "म्हंजे पायात वानरं हायेत माझ्या?"

"आहेत असं समज. आणि हीच तुझ्या पायातली उद्या येसाजीच्या पायात गेली, तर त्यालाही ही गोळी लागायची नाही."

येसाजी दोन पावलं मागे सरकला.

डॉक्टर म्हणाला, मुंबईला सुईचं नवं औषध आलंय, महाग आहे, मिळेल तेवढं मागवतो. लागलं तर पाय राहील, नाहीतर मुंबईला नेऊन कापायचा. "आणि तू इथंच राहायचंस. तुझ्या हातात मी आता साधं पाणीसुद्धा देणार नाही."

आठ दिवस कोंडाजी दवाखान्याच्या पडवीत पालथा पडून होता. दर तीन तासांनी सुई. बसायची सोय राहिली नाही, पण चौथ्या दिवशी ठणका थांबला आणि आठव्या दिवशी तो काठी न घेता चालला. मधे एकदा आळी भेटायला आली होती. बायांनी पदराखाली रिकाम्या वाट्या आणल्या होत्या. डॉक्टरने सगळ्यांना फाटकातूनच हाकललं.

कोंडाजी घरी आला तेव्हा भात झोडून संपलं होतं. त्याचंही झोडलं होतं, सगळ्यांच्या शेवटी, आळीनेच. पण त्याच्याशी बोलेना कुणी.

"आठ दिस एकट्यानेच टोचून घेतलं," चंद्राबाई ओट्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "एक थेंब नाय आणला आळीला."

कोंडाजीने वानरांची गोष्ट सांगितली. लोकांनी ऐकून घेतली आणि त्याच्या पायापासून लांब बसले.

पंधरा दिवसांनी म्हैस व्याली. आनंदीबाईने जीव ओतून खरवस केला आणि पंधरा घरी पंधरा वाट्या पाठवल्या. संध्याकाळपर्यंत चौदा वाट्या परत आल्या. चौदाही रिकाम्या, घासून लख्ख. आळीच्या जन्मात असं झालं नव्हतं. आनंदीबाई पदर डोळ्याला लावून बसली. कोंडाजी स्वतःच्या धडधाकट पायाकडे असा बघत होता, जसा काही तो कुठून चोरून आणलाय.

शेवटी येसाजीची वाटी आली. तिच्यात मात्र काहीतरी वाजलं. बघतात तर एक गोळी, कुंकवाने लालभडक.

"देवाला इचारून काढली," येसाजी म्हणाला. "वाटी रिकामी कशी द्यायची?"

कोंडाजीने वाटी कलंडवली. त्याने गोळी तळहातावर घेतली. वानरं आठवली, डबा आठवला, डॉक्टरचं नाक आठवलं. इतकं सगळं झाल्यावर आता शहाणपणाने काय करायचं, ते त्याला नीट कळत होतं. त्याने घसा खाकरला आणि आत हाक मारली.

"अगं, म्हशीचा खोकला पुरता गेला का गं?"