श्यामरावांचं कावळ्याचं पिल्लू

श्यामराव पेठकरांनी कलकत्त्याच्या बेहाला भागातल्या भाड्याच्या घरामागे पेरूच्या फांदीला ॲल्युमिनियमचं ताट टांगलं ते बुलबुलांसाठी. बँकेनं बदली करून इकडे धाडल्यापासून त्यांच्याशी मराठीत बोलणारं बायकोखेरीज कोणी नव्हतं, आणि वृंदाताई जे बोलत त्यापेक्षा बुलबुल बरे, असं त्यांचं मत होतं. ताटात रोज पपईच्या फोडी पडत. बुलबुल आले, साळुंक्या आल्या आणि चैत्रात कोकिळेचं जोडपं आलं.

नर काळाकुळकुळीत, मादी ठिपक्याठिपक्यांची, दोघांचेही डोळे जागरण झाल्यासारखे लाल. त्यांनी बुलबुलांना हुसकावलं, पपई फस्त केली, ताटात शिटून ठेवलं आणि पहाटेपासून बोंबलायला सुरुवात केली.

"कवींच्या घरी ही कधी जेवायला गेलेली दिसत नाही," श्यामराव म्हणाले.

"येऊ देत की. पाखरंच ती," वृंदाताई म्हणाल्या.

"पाखरं कसली, ऐतखाऊ आहेत. घरटं बांधायला नको. कावळ्याच्या घरट्यात अंडं टाकायचं नि मोकळं व्हायचं. पोरं पोसायला कावळा, चरायला माझी पपई."

वरच्या मजल्यावरचे घरमालक घोषालबाबू मात्र डोळे मिटून कुहूकुहू ऐकत बसत. "श्यामबाबू, कोकिल खुद आपके घर आया," ते सांगत. "भाग्य है आपका."

रविवारी सकाळी श्यामराव ते भाग्य हाकलायला थाळी आणि उलथनं घेऊन अंगणात उतरले. ठणठणाट ऐकून कोकिळा उडाली ती कुंपणाजवळच्या आंब्यावर बसली. श्यामराव थाळी बडवत आंब्याखाली गेले. वर कावळ्यांचं घरटं आहे हे त्यांच्या ध्यानात आलं ते टाळूवर पहिली चोच बसल्यावर.

कावळा चेहरा विसरत नाही. सोमवारी श्यामराव ट्रामच्या थांब्यापर्यंत टपल्या खात गेले. मंगळवारी छत्री उघडून गेले, तर कावळे छत्रीखाली घुसले.

"तोंड झाका, म्हणजे ओळखणार नाहीत," असं म्हणत वृंदाताईंनी ट्रंकेतून माकडटोपी काढून दिली.

कावळे फसले. पण भर वैशाखात माकडटोपी घातलेला माणूस बघून गल्ली हादरली, कारण कलकत्त्यात सर्दीइतकी गंभीर बाब दुसरी नाही. घोषालबाबूंच्या बायकोनं आल्याचा काढा पाठवला. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं टायफॉइड ठरवला. बँकेत तर घामानं निथळणारी ती टोपी बघून मॅनेजरनं रुमाल नाकाला लावला.

"साहेब, कावळे मारतात म्हणून घातलीय," श्यामरावांनी हिंदीतून खुलासा केला.

मॅनेजरनं हे ऐकलं आणि ताप डोक्यात गेल्याची त्याची खात्रीच पटली. मुंबईहून मोठे साहेब तपासणीला यायचे होते. त्यांच्याकडे पुण्याच्या बदलीचा विषय काढायचा, म्हणून श्यामराव वर्षभर वाक्यं जुळवत होते. ती वाक्यं तोंडातच राहिली आणि सक्तीची रजा पदरात पडली.

रजेतच एका संध्याकाळी वादळ झालं. सकाळी अंगणात, आंब्याखाली, एक काळं पिल्लू चोच वासून पडलं होतं. श्यामराव आधी दोन पावलं मागे सरले, मग त्यांना सुचलं की कावळ्यांशी तह करायची अशी संधी पुन्हा येणार नाही. त्यांनी पिल्लाला दुरडीत घालून ओसरीवर आणलं. दूधपाव, उकडलेलं अंडं, पपई, जे देतील ते पिल्लू गिळत होतं आणि आणखी मागत होतं. भिंतीवरून कावळे बघत राहिले, पण टोच कोणी मारली नाही. श्यामराव बोडक्यानं बाजारात जाऊ लागले आणि पिल्लाचं नाव त्यांनी बंड्या ठेवलं.

"बंड्यानं आज एक अख्खं अंडं खाल्लं," ते कौतुकानं सांगत.

"मला कधी विचारलंत का जेवलीस म्हणून?" वृंदाताई म्हणत.

पुढं बंड्याच्या अंगावर पांढरट ठिपके उमटू लागले. श्यामरावांचा जीव खालीवर झाला. खाण्यात कसर राहिली असावी म्हणून त्यांनी अंडी वाढवली. ठिपकेही वाढले. शेवटी गुरांच्या डॉक्टरचा पत्ता विचारायला त्यांनी घोषालबाबूंना खाली बोलावलं.

घोषालबाबू दुरडीवर वाकले आणि एकेक ठिपका निरखू लागले. "श्यामबाबू," ते हळूच म्हणाले, "ये काक नहीं है. कोकिल का बच्चा है. लड़की है."

श्यामरावांनी भिंतीवरच्या कावळ्यांकडे पाहिलं. तेही फसले होते.

"आप तो बोलते थे, मुफ्त का खाता है," घोषालबाबूंनी आठवण करून दिली.

"वो बाहरवाले," श्यामराव म्हणाले. "ये घर की है."

वृंदाताईंनी पदर तोंडाला लावला. "आता हिचं काय करायचं?"

श्यामरावांनी अंड्यातला पिवळा बलक कुस्करून बोटावर घेतला. "हळू बोल," ते म्हणाले, "जेवतेय ती."