निजले कुठी?

सकाळी भेटल्यावर आमच्या गावात कुणी रामराम म्हणतं, कुणी सलाम म्हणतं, कुणी जय भीम म्हणतं, आणि काहीच सुचलं नाही तर "काय म्हणता?" म्हणतं. मुनाफचाचा यातलं काही म्हणत नाहीत. ते समोरच्याला आधी डोक्यापासून पायापर्यंत नजरेनं मापून घेतात आणि विचारतात, "निजले कुठी?"

म्हणजे काल रात्री आपण कुठे झोपला होतात. हा काय चारचौघांत विचारायचा प्रश्न आहे? पण चाचा तो सगळ्यांना विचारतात. दिवाळसणाला आलेल्या एका नव्या जावयाला त्यांनी सासऱ्यासमोर विचारलं. जावई कानापर्यंत लाल झाला आणि सासरेबुवा उगाचच आभाळाकडे बघायला लागले. किराणा दुकानदार गुळाची ढेप फोडता फोडता बेसावधपणे "सोफ्यावर" म्हणून गेला, आणि त्याचं बायकोशी वाजलंय हे दुपारच्या आत गावभर झालं. चहाच्या हॉटेलात फौजदारसाहेबांनी मिशीवर हात फिरवून उत्तर दिलं, "ड्यूटीवर!"

"थे मालूम हाये साहेब," चाचा अदबीनं म्हणाले. "पन ड्यूटीवर कुठी?"

त्या दिवशी हॉटेलवाल्यानं हसून हसून एका गिऱ्हाइकाच्या चहात दोनदा साखर घातली. फौजदारसाहेबांनी मात्र चहाच्या हॉटेलचा रस्ताच सोडला.

गावाचं नाव मी सांगत नाही. बुलडाणा जिल्ह्यातलं आहे, मलकापूरहून बसनं फार लांब नाही, एवढं पुरे. नाव छापून आलं तर नगर परिषदेतले लोक माझी जुनी पाणीपट्टी उकरून काढतील, आणि रिटायर मास्तरात भांडायचा दम कितीसा असतो!

माझं घर आणि चाचांचं गादीचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे. नाव मुनाफ असलं तरी मुनाफ्याशी या माणसाची कधी ओळख झाली नाही. गादी अशी शिवतात की आडवं पडलं की उठावंसं वाटू नये. पण ती वेळेवर देणं त्यांच्या धर्मात बसत नाही. माझ्या पुतण्याच्या लग्नाची गादी त्याच्या पोराच्या बारशाला आली. मी चिडलो तर म्हणाले, "सर, घाईत शिवलेली गादी घाईतच बसते. पोरगं झालं ना? मंग काय अडलं तिच्यावाचून?" शिवाय तयार झालेली प्रत्येक गादी ते स्वतः दुपारी झोपून तपासतात. गिऱ्हाईक दारात उभं राहून हाका मारतं आणि चाचा त्याच्याच गादीवर घोरत असतात. कॉलरला दाभण टोचलेलं, केसांत रुई आणि चेहऱ्यावर कर्तव्य बजावल्याचं समाधान.

इतके दिवस मला वाटायचं, हा प्रश्न म्हणजे धंद्याची जाहिरात आहे. गादी चांगली नसेल तर माणूस सांगेल, आणि चाचा नवी गळ्यात मारतील. एकदा मी तसं बोलून दाखवलं. चाचांनी दोरा दातानं तोडला आणि मलाच उलटं विचारलं, "सर, गावात बिनघराचे लोक किती?"

"नाहीत म्हणे. सर्व्हे झाला होता ना मागे?"

तो सर्व्हे मला आठवत होता. नगर परिषदेची माणसं बाजारात, स्टँडवर, भाजी ओट्यांवर फिरली होती. ओट्यावर अंथरूण गुंडाळून बसलेल्या प्रत्येकाला त्यांनी विचारलं, "तुमचं घर कुठे?" आता आपल्याकडे घर कुठे म्हटलं की माणूस गाव सांगतो. कुणी मोताळा सांगितलं, कुणी मध्य प्रदेशातलं गाव सांगितलं. बाजार समितीत झाडू मारणाऱ्या सरूबाईनं ठसक्यात सांगितलं, "दुसरबीड!" तिथलं तिचं घर पडून त्यावर दिराचा गोठा उभा राहिला होता, पण हे काय अनोळखी माणसाला सांगायचं? सगळ्यांना घर निघालं. गावात बेघर कुणीच नाही असं ठरलं, आणि शासनाच्या पैशातून बांधलेल्या कोऱ्या रात्र निवाऱ्याला कुलूप लागलं. आत नगर परिषदेच्या मोडक्या खुर्च्या मात्र सुखानं राहू लागल्या.

"घर इचारलं का मानूस गाव सांगते," चाचा म्हणाले. "निजले कुठी इचारलं तं खरं सांगते."

"मग त्यांनाच विचारा ना. आम्हाला कशाला? जावयाला कशाला?"

"त्यायलेच इचारलं तं त्यायले शरम वाटते, सर. साऱ्या गावाले इचारलं तं रीत होते."

तीस वर्षं मराठी शिकवलं, पण रीत या शब्दाचा असा उपयोग माझ्या डोक्यात आला नव्हता.

सरूबाई म्हणजे सरळ बोलणं माहीत नसलेली बाई. चाचांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "तुह्या बापाच्या महालात!" चाचा म्हणाले, "महालात हवा येते का?" मग मात्र ती हसली आणि भाजी बाजारातला कोपऱ्यातला ओटा दाखवला. तेव्हापासून दोघांची रोज सकाळी जुंपायची. ती त्यांना आळशी म्हणायची, ते तिला फौजदारीण म्हणायचे, आणि भांडता भांडता दोघं एकाच बशीतली खारी चहात बुडवायचे.

यंदा दिवाळीनंतर भाजी बाजाराचं नूतनीकरण निघालं. ओट्यांना शटर बसणार, म्हणजे रात्री तिथे कुणालाही पाठ टेकता येणार नाही. थंडी तर दारात आलेली. सरूबाई आणि तिच्यासारखे जे कुणी तिथं झोपायचे त्यांनी जायचं कुठे? चाचांनी मशीन बंद केलं, टोपी झटकली आणि मला म्हणाले, "चला सर. निवाऱ्याचं कुलूप काढू. तुमचं मराठी घ्या संग."

नगर परिषदेत नव्या मुख्याधिकारी मॅडम आल्या होत्या. साताऱ्याकडच्या, तरुण, कडक. त्यांच्याशेजारी इथलेच मुरलेले मोठे बाबू उभे होते. मी घसा साफ करून "महोदया" एवढंच म्हणालो होतो, तोवर चाचांनी मॅडमना नजरेनं मापलं आणि मला वाटत होतं तेच झालं.

"म्याडम, काल निजल्या कुठी?"

मोठ्या बाबूंच्या हातातला चहा सांडला. मी डोळे मिटले. नोकरीत असतो तर त्याच क्षणी राजीनामा दिला असता.

"काय?" मॅडमचा आवाज टाचणीसारखा होता. "काय विचारताय तुम्ही?"

"सारेच रागावते पयले," चाचा शांतपणे म्हणाले. "पन सांगा ना. निजल्या कुठी?"

मॅडम उठून उभ्या राहिल्या; आता शिपायाला हाक मारतील असं वाटलं. पण त्या खिडकीकडे बघून एकदम म्हणाल्या, "रेस्टहाऊसवर राहते मी. तीन आठवडे झाले, क्वार्टर रिकामं होत नाही. आणि काल तिथूनही सामान बाहेर काढावं लागलं, कुणी मंत्री येणार म्हणून. रात्री एका शिक्षिकेच्या घरी गेले. ओळख ना पाळख." मग बहुधा आपण फार बोललो असं वाटून त्या खाली बसल्या.

"मंग तं तुमी आमच्यातल्याच झाल्या," चाचा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. एखाद्या पाहुणीला या म्हणावं तसं ते म्हणाले.

मोठे बाबू घाईघाईनं मध्ये पडले. "मॅडम, हे असंच काहीबाही बोलतात. निवाऱ्याचं म्हणाल तर गावात लाभार्थीच नाहीत. आणि माणसानं कसं, अंथरूण पाहून पाय पसरावेत."

"बाबू, मी अंथरूनवालाच हाओ," चाचा म्हणाले. "आमी पाय पाहून अंथरून शिवतो."

मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी निवाऱ्याची किल्ली मागवली. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या सुमारास त्या स्वतः भाजी बाजारात आल्या आणि ओट्याओट्यावर जाऊन चाचांचाच प्रश्न विचारू लागल्या. सातारी उच्चारात तो भलताच सभ्य वाटत होता. सरूबाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "हितंच. बसा, बाई. ओटा गरम हाय अजून." मॅडम त्या ओट्यावर टेकल्या. त्यानंतर लाभार्थी नाहीत असं कुणाला म्हणता आलं नाही.

मोडक्या खुर्च्या बाहेर निघाल्या. गाद्या-रजयांचं काम चाचांकडे आलं, आणि तिथं नवीनच तमाशा झाला. थंडी तोंडावर होती, चाचांचा वेग तुम्हाला माहीतच आहे. मोठ्या बाबूंनी तोड काढली, "निवाऱ्यात राहणाऱ्या बायांनाच टाके घालायला लावा. त्यांच्यासाठीच तर आहे. श्रमदान समजायचं."

"श्रमदान?" चाचांनी दाभण कॉलरला टोचलं. "दान तं मोठा मानूस करते ना, बाबू? मंग तुमी बसा. या, पाय पसरा. हा दोरा."

"अहो, पण त्यांना फुकट राहायला मिळणार आहे!"

"राहाचं थे हक्काचं. कामाचं थे मजुरीचं. दोन फडकी हायेत, एकाले एक जोडू नका. शिवन उसवते."

ते हट्टाला पेटले. जोपर्यंत बायांना बाजारात चालते तीच मजुरी कबूल होत नाही तोवर रुई पिंजायची नाही, असं सांगून दुकानात जाऊन खरोखरच झोपले; तेसुद्धा नगर परिषदेच्याच गादीवर. मोठे बाबू दोनदा येऊन त्यांना हलवून गेले. शेवटी मॅडमनी मजुरी मंजूर केली. सरूबाईनं टाके घालायला सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी चाचांना सुनावलं, "तुह्यापेक्षा माहा टाका सरळ हाय." खोटं नव्हतं ते. आयुष्यात पहिल्यांदा चाचांचं काम वेळेवर झालं, आणि त्याचं श्रेय कुणाचं हे गावाला न सांगता कळलं.

निवारा उघडला त्या दिवशी हार-तुरे नव्हते. मॅडमनी कुलूप काढलं, रात्रीला इथे राखणदार लागेल असं मोठ्या बाबूंना बजावलं आणि पहिलं पाऊल सरूबाईनं टाकावं म्हणून त्या बाजूला झाल्या. ती पिशवी घेऊन आत गेली, एक खाट निवडली, गादी मुठीनं दाबून पाहिली आणि तिथे बसून राहिली. पदरानं डोळे पुसले असावेत. मी नीट पाहिलं नाही, कारण माझाच चष्मा धूसर झाला होता. चाचा उंबऱ्याबाहेर उभे राहून सगळ्यांच्या पायांकडे बघत होते, कुणाचे पाय खाटेबाहेर येतात का म्हणून.

तेवढ्यात सरूबाईनं आतून हाक दिली. "ए गादीवाल्या, तू निजला कुठी काल?"

सगळे हसले. चाचाही हसायला गेले, पण ते हसू अर्ध्यातच राहिलं.

"मले घर हाये ना, सरूबाई."

"घर कुणी इचारलं? निजला कुठी, ते इचारलं."

चाचांनी टोपी काढली, केसांतून हात फिरवला, आणि रुईचे दोन पुंजके खाली पडले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. रोज पहाटे मी फुलं तोडायला अंगणात जातो तेव्हा दुकान उघडलेलं असतं आणि चाचांच्या केसांत रुई असते. मी कौतुकानं म्हणायचो, बघा, गावात सगळ्यांत आधी यांचं दुकान उघडतं. ते उघडत नव्हतं. ते बंदच होत नव्हतं.

"दुकानात," चाचा हळूच म्हणाले. "फळीवर. सकिना गेल्यापासून घरी नाई निजल्या जात. थे रोज इचारे, पाठ टेकली का. आता तिथी कोनी इचारत नाई."

सकिनाचाची जाऊन तीन वर्षं झाली होती. एक भिंत मध्ये होती आमच्या. मला फार वाईट वाटलं.

सरूबाई उठली. दाराजवळच्या खाटेवरची रजई तिनं झटकली. "मॅडम, हितं राखणदार लागतो म्हनता ना? ह्यो घ्या. पगार द्या बरं, श्रमदान नका सांगू." आणि चाचांकडे न बघताच म्हणाली, "पाय पाहून शिवलीय. पाय पसर अन नीज."

दुसऱ्या दिवशी पहाटे दुकान बंद होतं. मी फुलं घेऊन तिथंच घुटमळत राहिलो. चाचा आले तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. केस विंचरलेले, रुईचा मागमूस नाही, डोळे जरा सुजलेले, पोटभर झोप झालेल्या माणसाचे असतात तसे. ते काही बोलायच्या आत मीच विचारलं, "चाचा, निजले कुठी?"

चाचांनी मला नजरेनं मापलं. मग कुलूप काढता काढता म्हणाले, "दाराजवळच्या खाटेवर, सर. गादी जरा कडक हाये. कोन्या आळशानं शिवली कोन जाने."