हाताला कळणारा किलो

आमच्या कारखान्यात ‘शेर’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. कुणी चुकून “शेरभर साखर” म्हणालं, की मालक बापूसाहेब दोन्ही कानांवर हात ठेवत. “अहो, किलोत बोला, किलोत!”

खरं तर हेच बापूसाहेब आजोबांच्या वेळेपासूनची शेर-अच्छेराची लोखंडी वजनं ओतत आले होते. चिंचवडला तयार झालेली आमची वजनं पार जुन्नरपर्यंत जात. मग सरकारनं किलो आणला. धाकटे भाऊ म्हणाले, “दादा, कारखाना विकून मोकळे होऊ.” बापूसाहेबांनी भट्टीपाशी राबणाऱ्या माणसांकडे बघितलं. “ही कुठं जातील? माप बदललं ना? मग आपण बदलू की!”

जुने साचे मोडले, किलोची गोल वजनं ओतली. ती खपेनात. मी तिथं कारकून. गोदामातला ढीग मी रोज मोजायचो. बापूसाहेब मात्र मला घेऊन एस.टी.नं चाकणच्या बाजारात गेले आणि ठकूबाई नावाच्या कांदेवालीशेजारी खुशाल पोत्यावर बसले.

“मावशी, आमचं वजन का घेत नाही?”

“जुना शेर नि किलो, दोनी येकसारखीच दिसत्यात की वो! मला वाचाया येत न्हाई. किलोच्या जागी शेर पडला, तर गिऱ्हाईक मलाच चोर म्हनंल.”

“मग बदलू की! कसं पाहिजे?”

“हाताला कळंल आसं. कोपरं काढा त्येला.”

सहा कोपऱ्यांची वजनं निघाली. पहिलं ठकूबाईंनी डोळे मिटून चाचपलं. “व्हय, ह्यो किलो!” बघता बघता गोदाम रिकामं झालं. भट्टीवरचा एकही माणूस घरी बसला नाही.

तरी बापूसाहेब दर बाजाराला चाकणला जातच राहिले. म्हणत, “तक्रारी ऐकायला नकोत का?” तक्रार तर एकही नव्हती.

एकदा सहीसाठी मी मागोमाग गेलो. दुपार झाली होती. बापूसाहेब पोत्यावर मांडी घालून भाकरी खात होते आणि ठकूबाई त्यांच्यावर डाफरत होत्या. “येवढ्यात झालं? घरी कोन हाय वाढाया? गुमान आनखी घ्या, भाऊ.”

बापूसाहेबांच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं, धाकटे भाऊ वेगळे राहत. आणि कारखान्यात मालकाला ‘जेवलात का’ असं कोण विचारणार?

त्यांनी हात पुढे केला. ठकूबाईंनी त्यावर अर्धी भाकरी ठेवली, वर ठेचा.

मी कागद खिशातच ठेवला आणि माघारी वळलो.