बर्ड्सव्हिलच्या वाटेचे टायर

लायल पेडलरच्या गाडीचे चारही टायर इतके गुळगुळीत झाले होते, की पोर्ट ऑगस्टा गावात एखादी सर पडली तरी गाडी सिग्नलला थांबण्याऐवजी घसरत पुढे जायची. "नवे टायर बसेपर्यंत मी या गाडीत पाय ठेवणार नाही," असं त्याच्या बायकोने, नोरीनने जाहीर केलं, तेव्हा कुठे लायल दुकानात गेला.

दुकानदार केल्विन हा दणकट, राकट गडी. गावातल्या मोठ्या जीपवाल्यांच्या क्लबचा तोच अध्यक्ष. त्याने साधाच प्रश्न विचारला, "गाडी कुठंकुठं फिरते तुझी?"

खरं उत्तर होतं : सुपरमार्केट, चर्च आणि म्हातारे हिरवळीवर गोळे घरंगळवत खेळतात ते बोल्सचं मैदान. पण भिंतीवर वाळवंटातल्या गाड्यांचे फोटो होते, बाकावर क्लबचे दोघे मिशाळ सभासद कॉफी पीत होते, आणि लायलच्या तोंडून निघून गेलं, "बर्ड्सव्हिलच्या वाटेवर. दोनदा जाऊन आलोय."

बाकावरच्या दोघांनी कॉफीचे कप खाली ठेवले. ती वाट म्हणजे वाळवंटातून शेकडो किलोमीटर नुसते धारदार दगड.

"मग हे शहरी टायर काय चाटायचेत तुला?" म्हणत केल्विनने हातातले टायर बाजूला लोटले आणि आतून मगरीच्या पाठीसारखे चार टायर काढले. आता नको म्हणायची सोयच नव्हती.

ते टायर रस्त्यावर असे घोंघावत, की नोरीनला गाडीतला रेडिओही ऐकू येईना.

"हे काय बसवून आणलंयस? विमानाची चाकं?"

"टिकाऊ आहेत," लायल म्हणाला.

प्रकरण इथेच मिटलं असतं. पण त्या आठवड्यात केल्विन घरी येऊन उभा राहिला. "यंदा क्लबची सहल बर्ड्सव्हिलला. सहा गाड्या. पुढं तू. रस्ता माहीत असलेला माणूस एवढ्या वर्षांनी सापडलाय, आता सोडतो होय?"

लायलने हुकमाचं पान काढलं. "नोरीनला विचारावं लागेल रे. तिला धूळ अजिबात सोसत नाही."

नोरीन बटाटे सोलायची सुरी घेऊनच बाहेर आली. "कोण म्हणतं सोसत नाही? लग्न झाल्यापासून म्हणतेय, मला कुठंतरी ने!"

"दोनदा जाऊन आलाय की हा," केल्विन कौतुकाने म्हणाला.

"दोनदा?" नोरीनने नवऱ्याकडे पाहिलं. "कुणाबरोबर?"

खरं सांगावं तर गावात नाक कापलं जाणार, खोटं रेटावं तर घरात. लायल पुटपुटला, "लग्नाच्या आधी." नोरीनने आत जाऊन माळ्यावरचा तंबू खाली ओढला.

ठरल्या दिवशी सहा गाड्या निघाल्या. सगळ्यांत पुढे लायल. डांबर जिथे संपलं तिथे त्याने करकचून ब्रेक लावला. समोर लाल धूळ, दगड आणि रिकामं आभाळ. मागून केल्विन धावत आला.

"काय झालं?"

"केल्विन," लायल खाली मान घालून म्हणाला, "मी इथं कधीच आलेलो नाही. थाप मारली होती."

केल्विनने दोन्ही हात खिडकीवर टेकले आणि भला मोठा श्वास सोडला. "देवा! सुटलो! अरे, आमच्यातलं तरी कोण गेलंय? दरवर्षी इथपर्यंत येतो, कुणाचं तरी इंजिन तापतं, मग मागच्या गावात बसून बिअर पितो. यंदा तू खरंच नेणार म्हणून रात्री झोप नव्हती मला. चल, फिरव गाडी."

लायलने हसत गिअरला हात घातला. नोरीन खाली उतरली, गाडीला वळसा घालून आली आणि तिने त्याच्या बाजूचं दार उघडलं.

"उतर. तिकडं बस."

"अगं, पण रस्ता कुणाला माहीतय?"

"एकच तर आहे. चुकणार कुठं?"

गाडी दगडांवरून उधळत निघाली. लायलने मागे वळून पाहिलं. केल्विन धुळीत आ वासून उभा होता. मग तोही मुकाट्याने आपल्या गाडीत शिरला, आणि एकेक करत पाचही गाड्या मागून येऊ लागल्या. प्रत्येकाच्याच शेजारच्या सीटवर बायको बसलेली होती, आणि ती नोरीनच्या गाडीकडे बोट दाखवत होती.